दोन कोड, चार सेन्सर, एक तार

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, वय वीस वर्षांच्या आसपास. थ्रॉटल केबलचा, इंजेक्शन मल्टिपॉइंट. आत येणारी हवा थेट मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर या इंजिनाला नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सर सांगतो आणि त्यावरून किती हवा आत गेली याचा हिशोब ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मांडतो. त्या पिढीतल्या बऱ्याच गाड्या अशाच आहेत, आणि या प्रकरणात ही रचनाच महत्त्वाची ठरली.

तक्रारी अशा: चेक इंजिनचा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप जातो, पुन्हा लागतो. इंजिन थंड असताना सगळं ठीक. गरम झालं की आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग, हजाराच्या वर जाऊन तिथेच अडकतं. गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करायला गेलं की स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो आणि सुरू झाल्यावर पेट्रोलचा वास येतो. अॅव्हरेज पडलंय. आणि रहदारीत उभं राहिलं की तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो.

मालकांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. "एसी लावला की काटा खाली येतो हो. उलट नको का व्हायला?" हे त्यांनी आधीही सांगितलं होतं, पण कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

गाडी माझ्याकडे येण्याआधी तीन भाग बदलून झाले होते: थर्मोस्टॅट (गरम झालेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप), कूलंट टेंपरेचर सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर. तिन्ही, ईसीएमने नोंदलेल्या दोषांच्या कोडकडे बघून बदललेले. प्रत्येक वेळी कोड पुसले गेले, दिवा काही दिवस गप्प राहिला आणि मग परत आला. यात नवल काही नाही. बहुतेक कोडांच्या बाबतीत दोष लागोपाठच्या दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांत) दिसला तरच दिवा लागतो. पहिल्या वेळी तो नुसता 'पेंडिंग' म्हणून नोंदला जातो. पुढे लागोपाठ तीन सायकल चाचणी ठीक निघाली की दिवा विझतो, कोड मात्र मेमरीत राहतो. त्यामुळे दिवा गेला म्हणजे दुरुस्ती झाली, हा निष्कर्ष या गाड्यांत धोक्याचा.

स्कॅनर लावला तेव्हा दोन कोड होते: पी०१२८ आणि पी०१७२. गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडात नोंदण्याची ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. 'पी' म्हणजे पॉवरट्रेन. पुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक असलेला कोड. त्यानंतरचा एक म्हणजे इंधन आणि हवेचं मोजमाप. पी०१२८ सांगतो की कूलंट अपेक्षित वेळात थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. पी०१७२ सांगतो की मिश्रण फार रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

दोन्ही कोड एकत्र वाचले तर सोपी गोष्ट तयार होते: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, इंजिन गारच राहतंय, म्हणून ईसीएम पेट्रोल जास्त देतंय. आधीच्यांनी हीच गोष्ट धरली होती. पण मग रहदारीत काटा वर का जातो? गार राहणारं इंजिन तापत नाही. सोप्या गोष्टीत न बसणारी तक्रार बाजूला टाकायची सवय गॅरेजमध्ये फार आहे. माझ्या मते शोध नेमका तिथून सुरू करावा.

कोड लगेच पुसायचे नाहीत. पुसले की त्यांच्यासोबतचा फ्रीझ फ्रेम जातो, रेडिनेस मॉनिटर (ईसीएमच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या याची नोंद) शून्यावर येतात आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेले फ्युएल ट्रिमही, म्हणजे पेट्रोलच्या हिशोबात ईसीएमने केलेली दुरुस्ती, उडतात. बॅटरीची तार काढली तरी जुन्या गाड्यांत हेच होतं. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला त्या क्षणाची आकडेवारी. इथे तो पी०१७२ चा होता, कारण इंधनाचे आणि मिसफायरचे कोड प्राधान्याने स्वतःची फ्रेम साठवतात. त्यात गाडी उभी, आरपीएम ११५०, कूलंट ७० अंश, मॅनिफोल्डचा दाब ४१ किलोपास्कल आणि लाँग टर्म ट्रिम उणे २१ टक्के. म्हणजे ईसीएमने हिशोबाने जेवढं पेट्रोल द्यायचं ठरवलं, त्यात ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पाचव्या हिश्श्याहून जास्त कपात त्याला करावी लागत होती. निरोगी इंजिनात हा आकडा शून्याच्या दोन्ही बाजूंना पाच, फार तर दहा टक्क्यांत असतो.

गाडी गरम करून चालवून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चढावर जोर दिला की ट्रिम जवळपास शून्यावर येत होता. पाय काढला की पुन्हा उणे वीसच्या घरात. रिचपणा फक्त हलक्या लोडवर होता.

या नमुन्यावर नेहमीचे संशयित ठरलेले असतात: गळका इंजेक्टर, फाटलेल्या पडद्याचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). हे तिन्ही पटकन निकालात निघाले. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी आतून कोरडी होती. पर्ज व्हॉल्व्हची नळी चिमटून बंद केली तर ट्रिम हलला नाही. रेलमधलं प्रेशर योग्य होतं आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहत होतं. ऑक्सिजन सेन्सरही खरं बोलत होता: थ्रॉटल झटक्यात उघडला की ०.८ व्होल्टच्या वर, उतारावर पाय काढून इंधन कट झालं की ०.१ च्या खाली, आणि दोन्हीकडे विलंब नाही.

मग राहिला ईसीएमचा मूळ हिशोब. ऑक्सिजन सेन्सर खरा असेल तर हिशोबात काही तरी फुगून येतंय. मॅनिफोल्डला साधा काट्याचा व्हॅक्यूम गेज लावला. त्याने १९ इंच पाऱ्याच्या थोडं वर दाखवलं, म्हणजे वातावरणापेक्षा सुमारे ६५ किलोपास्कल कमी. वातावरणाचा दाब १०० धरला तर आतला दाब ३५. स्कॅनर त्याच क्षणी ४१ म्हणत होता. सहा किलोपास्कल ऐकायला किरकोळ वाटतात, पण ३५ वर सहा म्हणजे सतरा टक्के जास्त हवा, आणि तितकंच जास्त पेट्रोल.

इथे मॅप सेन्सर बदलायचा मोह होतोच. पण चावी ऑन आणि इंजिन बंद अशा स्थितीत हाच सेन्सर १०० किलोपास्कल अगदी बरोबर दाखवत होता. मॅप सेन्सरची ही प्रचलित चाचणी आहे आणि तो त्यात पास होता. तसंच, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान सारखं दिसायला हवं. तेही सारखं होतं. वरवर पाहता सगळे सेन्सर निर्दोष.

कूलंटच्या आकड्यावर तेवढ्यात शंका आली होती, म्हणून इंजिन गरम होताना त्याचा आलेख काढला. साठ अंशांपर्यंत आकडा भराभर चढला. मग मंदावला. सत्तरीच्या पुढे जाऊन तिथेच रेंगाळला. डॅशबोर्डवरचा काटा मात्र चढतच होता. या गाडीत काट्यासाठी वेगळा, एका तारेचा सेंडर आहे. त्याचा ईसीएमशी संबंध नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी टेप चिकटवून तिच्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. उघड्या, चकचकीत अॅल्युमिनियमवर ही उपकरणं बरंच कमी तापमान दाखवतात, टेपशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. आकडा आला ९९. स्कॅनरवर ७३.

आता एसीचं कोडंही सुटलं. रेडिएटरचा फॅन ईसीएम चालवतो. त्याच्या मते कूलंट ७३ अंशांवर आहे, मग तो फॅन कशाला लावेल? एसी लावला की मात्र कूलंटचं तापमान न बघताच फॅन सुरू होतो, म्हणून काटा खाली येतो. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना होणारा त्रासही याच कारणाने: ईसीएमला इंजिन आहे त्यापेक्षा गार वाटतं, तो सुरुवातीला जास्त पेट्रोल टाकतो आणि इंजिन चोक होतं.

कूलंट सेन्सर नवा होता. जुनाही मालकांनी ठेवला होता. तो उकळत्या पाण्यात धरून मोजला तर १८० ओहमच्या आसपास आला, म्हणजे या जातीच्या सेन्सरला शोभेल असाच. तेव्हा तोही निर्दोष होता.

मुख्य मोजमाप आता आलं. गरम इंजिन, आयडलवर. कूलंट सेन्सरचा कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने दोन्ही तारांत बारीक पिना सरकवल्या. सेन्सरच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटरने ०.३८ व्होल्ट दाखवले. मग लाल प्रोब सिग्नलच्या तारेवर तसाच ठेवला आणि काळा प्रोब सेन्सरच्या दुसऱ्या तारेवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हवर नेला. आकडा झाला ०.७८. एकाच क्षणी, एकाच तारेवर. मग काळा प्रोब बॅटरीवरच ठेवून लाल प्रोब सेन्सरच्या परतीच्या तारेवर टेकवला: ०.४०.

परतीची तार म्हणजे सेन्सरची अर्थ (अर्थिंगची तार). तिथे काही मिलिव्होल्टच असायला हवेत. ईसीएमची स्वतःची अर्थ आधीच तपासली होती, तिच्यात आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये फरक नगण्य होता. म्हणजे ईसीएम शून्यापासून मोजत होता आणि सेन्सर ०.४० पासून.

मग बाकीचे सेन्सरही असेच तपासले. थ्रॉटल पोझिशन सेन्सर: स्वतःच्या अर्थशी ०.४६, बॅटरीशी ०.८६. मॅप सेन्सर: १.२० आणि १.६०. इनटेकच्या हवेचा सेन्सर: १.६८ आणि २.०८. सगळीकडे फरक तोच, ०.४०. चौघांपैकी एकही बिघडलेला नव्हता.

आणि तरी चौघांच्या चुका वेगवेगळ्या आकाराच्या का दिसत होत्या? तराजूला पासंग असला की पोतं तोलताना तो कळत नाही, सोनं तोलताना कळतो. तसंच इथे. गरम इंजिनात कूलंट सेन्सरचा सिग्नल मुळातच अर्ध्या व्होल्टच्या खाली असतो. या सेन्सरचे व्होल्ट जास्त म्हणजे तापमान कमी, म्हणून त्यात ०.४० मिसळले की सव्वीस अंशांची चूक. हवेच्या सेन्सरचा सिग्नल दोन व्होल्टच्या आसपास, तिथे चूक पाचेक अंशांची, कोणाच्या डोळ्यात न भरणारी. मॅप सेन्सरला ईसीएमकडून येणारी पाच व्होल्टची रेफरन्स तार आणि परतीची तार या दोघांमधला हिस्सा सांगायचा असतो. दाब कमी असताना सिग्नल परतीच्या तारेच्या जवळ असतो आणि तिची चूक जवळपास पूर्ण उचलतो. दाब वातावरणाइतका असताना सिग्नल पाच व्होल्टच्या जवळ असतो, तेव्हा तीच चूक अर्ध्या किलोपास्कलइतकीही उरत नाही. चावी ऑन ठेवून केलेली चाचणी म्हणून पास होत होती, आणि चढावर ट्रिम म्हणूनच शून्यावर येत होता.

थ्रॉटलचंही तसंच. बंद थ्रॉटलला ०.५० च्या जागी ०.८६ दिसले की ईसीएमच्या लेखी पाय अजून अॅक्सिलरेटरवर आहे. तो आयडलचं नियंत्रण हातात घेतच नाही. आयडल वर अडकतं, पण कोड पडत नाही, कारण ०.८६ हा आकडा थ्रॉटलच्या वैध टप्प्यात बसतो. ज्या तक्रारीला कोड नाही ती तक्रारच नाही, असं समजणारे याच ठिकाणी फसतात. सगळे दोष ईसीएमला ओळखू येत नाहीत. तो फक्त त्याला दिलेल्या कसोट्या लावतो.

बऱ्याच जणांनी रेफरन्सचे पाच व्होल्ट तपासले असते आणि बरोबर मिळाले असते, कारण काळा प्रोब बॉडीवर किंवा बॅटरीवर लावायची सवय असते. तोच सेन्सरच्या परतीच्या तारेवर लावला की ४.६० मिळत होते. तार तुटलीय का हे नुसत्या बीपवर तपासणाऱ्यालाही काही सापडलं नसतं. त्या चाचणीत इंजिन बंद असतं, थंड असतं, आणि थंडीत हा जोड बऱ्यापैकी चालत होता. सकाळी इंजिन थंड असताना तिथे ०.०३ व्होल्टच मिळाले होते. चारही सेन्सरांचा मिळून परतीचा प्रवाह पंधरा मिलिअँपिअरच्या आसपास. ०.४० व्होल्टला भागून बघा, वाटेतला अडथळा पंचवीस-तीस ओहमच निघतो. दिव्याच्या किंवा फॅनच्या तारेत एवढा अडथळा असता तर ते चाललेच नसते. सेन्सर मात्र चालतात, फक्त चुकीचं सांगतात.

अडथळा कुठे हे शोधणं तुलनेने सोपं होतं. चारही सेन्सरांच्या परतीच्या तारांवर ०.४० सारखेच होते, म्हणजे दोष प्रत्येकाच्या वेगळ्या तारेत नाही. ईसीएमच्या कपलरवर परतीच्या पिनला ०.०१ व्होल्ट मिळाले, म्हणजे ईसीएमच्या आतही नाही. मधला सामाईक तुकडा तेवढा उरला. वायरिंगच्या नकाशावर चार तारा एकत्र येऊन एकच तार ईसीएमकडे जाते असा एक जोड दाखवला होता, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खालून जाणाऱ्या लूममध्ये, म्हणजे टेप गुंडाळलेल्या तारांच्या जुडग्यात. लूमच्या त्या भागावर हॉट एअर गनने बेताने ऊब दिली. मीटरवरचा आकडा वर सरकायला लागला. गन बाजूला केली की हळूहळू खाली.

टेप उलगडली तेव्हा आतून ती चिकट आणि ओलसर होती. या गाडीत पूर्वी कधी तरी थर्मोस्टॅट हाउसिंगचं गॅस्केट गळत होतं. ते बदललं, गळती थांबली, पण तोवर कूलंट टेपमध्ये मुरलं होतं. कारखान्यात दाबून बसवलेली पितळी पट्टी हिरव्या-पांढऱ्या थराने भरली होती आणि ईसीएमकडे जाणाऱ्या तारेचे बरेचसे तंतू काळे पडून तुटले होते. जे उरले होते ते गरम झाले की पट्टीत सैल होत असावेत.

काळे पडलेले भाग कापून पाची तारा चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे सोलल्या. लांबी कमी पडली तिथे त्याच जाडीच्या तारेचे तुकडे जोडले, नवी पट्टी दाबून बसवली, सोल्डर केलं आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली. इथे एक सोपा रस्ता असतो: परतीच्या तारेला जवळच्या बोल्टवर बॉडी अर्थ देऊन मोकळं व्हायचं. निदान पक्कं करायला मिनिटभर तशी जंपर तार लावायला हरकत नाही. पण कायमची ठेवू नये. ईसीएममध्ये ही अर्थ मुद्दाम वेगळी राखलेली असते. ब्लॉकवरून इग्निशनचे आणि स्टार्टरचे मोठे प्रवाह वाहतात, त्यांचा गोंधळ मग थेट सेन्सरच्या सिग्नलमध्ये उतरतो. आजचा दोष जातो आणि उद्या कारण न सापडणारा नवा सुरू होतो.

लूम अजून वीतभर पुढेमागे उघडून बघितलं, कारण पाणी एकाच जोडावर थांबत नाही. शेजारच्या एका तारेच्या आवरणाला चीर होती, तीही झाकली. मगच नवी टेप गुंडाळली.

त्यानंतर गरम इंजिनात परतीच्या तारेवर ०.००८ व्होल्ट. स्कॅनर आणि काळ्या टेपवरचं थर्मामीटर यांच्यात दोन अंशांचा फरक, तोही हाउसिंगच्या पृष्ठभागाचा म्हणून सोडून देण्यासारखा. आयडल ७६० वर स्थिर. एसी बंद ठेवून गाडी उभी केली तर फॅन वेळेवर सुरू झाला आणि वेळेवर थांबला. कोड आता पुसले. लाँग टर्म ट्रिम नव्याने शिकून उणे दोनवर बसला. पेंडिंग यादी रिकामी राहिली आणि सगळे रेडिनेस मॉनिटर पूर्ण झाले. कॅटॅलिस्टचा सर्वांत शेवटी, तो बहुधा शेवटीच होतो.

एवढा काळ गरम सुरुवातीला जादा पेट्रोल गेल्यामुळे डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ऑइल आणि फिल्टर मुदतीआधीच बदलले. फॅन न लागल्याने इंजिन किती वेळा कितपत तापलं हे कोणत्याही मेमरीत नोंदलेलं नाही. म्हणून मालकांना सांगितलंय, काही आठवडे रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. ती घटताना दिसली तर हेड गॅस्केट तपासायचं, पुन्हा सेन्सर नाही.